होम प्लेटमागून दिसणारे मैदान

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या नोंदवहीत फ्रान्सिस्को एस्त्रादा या कॅचरची सगळी कारकीर्द एका ओळीत मावते. सामने १, फलंदाजीच्या खेपा २, हिट १, सरासरी .५००. साल १९७१, संघ न्यूयॉर्क मेट्स. त्यापुढच्या वर्षाची ओळच नाही.

मेक्सिकोत मात्र याच माणसाला 'पाकीन' या लाडक्या नावाने सगळे ओळखत. वीस वर्षांहून जास्त काळ तो तिथल्या मैदानांवर खेळला, नंतर मॅनेजर झाला, दोन वेगवेगळ्या लीगमध्ये अजिंक्यपदे मिळवली आणि २००६ साली देशाच्या संघाचा मॅनेजर म्हणून अमेरिकेला अमेरिकेतच हरवून स्पर्धेबाहेर काढले. आपल्या शाळेच्या मासिकात क्रिकेट, हॉकी, बॉक्सिंगवर पुष्कळ लिहिले जाते. बेसबॉलवर मराठीत लिहिलेले मी तरी फारसे वाचलेले नाही. मी आमच्या हाऊसचा विकेटकीपर आहे, म्हणून पाकीन यांची गोष्ट मला जवळची वाटली. आपल्यापैकी बहुतेकांना पुढे कोणाचे तरी नेतृत्व करायचे आहे, म्हणून ती इथे सांगावीशी वाटते.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. प्रत्येक संघात नऊ खेळाडू, सामना नऊ इनिंगचा. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी. तीन जण बाद झाले की पाळी संपते. पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो, यजमान नंतर. शेवटच्या पाळीआधीच यजमान पुढे असेल तर ती पाळी खेळण्याची गरज उरत नाही. (हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याने मोठा घोटाळा केला आहे.) चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाज उभा असतो त्या जागेला होम प्लेट म्हणतात आणि तिच्या मागे, उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर.

कॅचर आणि आपला विकेटकीपर हे भाऊभाऊ दिसले तरी कॅचरकडे काम जास्त असते. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण होम प्लेटकडे तोंड करून उभे असतात. एकटा कॅचर उलट्या दिशेला पाहतो, त्यामुळे त्याला पूर्ण मैदान समोर दिसते: कोण पुढे सरकला, कोण झोपला आहे, कोणत्या बेसवरचा धावपटू पळायच्या तयारीत आहे. पुढचा चेंडू कसा टाकायचा याची खूण तो दोन मांड्यांच्या मध्ये बोटांनी करतो आणि पिचर बहुतेक वेळा ती मानतो. पिचर चिडला, घाबरला, थकला तर हे सर्वांत आधी कॅचरला समजते, कारण चेंडू त्याच्या हातमोज्यात येऊन आदळतो. चेंडूचा वेग उतरल्याचे तळहाताला कळते. आपल्याकडेही चेंडू 'जड' येतोय की नाही हे कीपरला विचारतात, ते याच कारणाने. बेसबॉलमध्ये पुष्कळ कॅचर पुढे मॅनेजर होतात. त्यात नवल कसले? नोकरी तीच असते, फक्त बसायची जागा बदलते.

एस्त्रादा यांचा जन्म १९४८ साली मेक्सिकोच्या वायव्येकडील सोनोरा राज्यातल्या नावोहोआ या गावी झाला. १९८१ मध्ये अमेरिका गाजवणारा पिचर फेर्नान्दो वालेन्सुएला त्याच परिसरातला, एचोवाकिला या खेड्यातला. हा बेसबॉलचा मुलूख आहे. मेक्सिको म्हटले की आपल्याला फुटबॉल आठवतो, पण वायव्य मेक्सिकोत बेसबॉलचे वेड मोठे आहे. तिथल्या बेसबॉलचे वेळापत्रकही वेगळे आहे. उन्हाळ्यात १९२५ पासून चालत आलेली मेक्सिकन लीग, हिवाळ्यात पॅसिफिक किनाऱ्यावरची दुसरी लीग. चांगला खेळाडू दोन्हीकडे खेळतो, म्हणजे जवळजवळ वर्षभर मैदानावरच असतो. पाकीन यांनी उकिडवे बसून काढलेल्या इनिंगची संख्या काय असेल, याचा विचार केला तरी गुडघे दुखतात.

सप्टेंबर १९७१ मध्ये ते मेट्सकडून तो एकमेव सामना खेळले. तीन महिन्यांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, मेट्सने कॅलिफोर्निया एंजल्स या संघाशी अदलाबदल केली. मेट्सला हवा होता जिम फ्रेगोसी हा नामांकित खेळाडू. त्याच्या बदल्यात त्यांनी चौघे दिले: नोलन रायन, लेरॉय स्टँटन, डॉन रोझ आणि फ्रान्सिस्को एस्त्रादा. रायन तेव्हा वेगवान पण बेभरवशाचा तरुण पिचर होता. पुढे त्याने सत्तावीस हंगाम खेळून ५,७१४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि सात सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिला नाही. हे दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत. फ्रेगोसी मेट्सकडे दोन हंगामही पूर्ण टिकला नाही. त्यामुळे बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत फसलेल्या सौद्यांची यादी निघाली की हा सौदा त्यात असतोच, आणि त्या यादीत चौथ्या नावावर कोणाची नजर थांबत नाही.

एंजल्सकडूनही पाकीन यांना मेजर लीगचा एकही सामना मिळाला नाही. एंजल्सचे मैदान कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात होते. हे नाव ध्यानात ठेवा.

पाकीन मेक्सिकोला परतले आणि खेळत राहिले. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्यासारख्या शाळांत एक प्रश्न सतत डोक्यावर टांगलेला असतो: निवड झाली की नाही झाली. एन.डी.ए.ची लेखी परीक्षा, मग मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी. यादीत नाव नसले तर पुढे काय, हे कोणी फारसे बोलत नाही. आमच्या आधीच्या तुकडीतला एक चांगला धावपटू वैद्यकीय तपासणीत बाहेर पडला, तेव्हा मेसमध्ये आठवडाभर त्याच्या टेबलावर कोणी मोठ्याने बोलले नाही. पाकीन यांच्याबाबतीत अमेरिकन नोंदवही म्हणते, निवड झाली आणि एका सामन्यात संपली. मेक्सिकोची नोंदवही उघडली तर तिथे पानेच्या पाने भरलेली आहेत. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. कोणती आधी उघडायची, एवढेच वाचणाऱ्याच्या हातात असते, आणि जगाला सवय पहिली वही उघडण्याची आहे.

१९८३ साली काम्पेचेच्या 'पिरातास' संघाने पाकीन यांच्या हाताखाली मेक्सिकन लीगचे अजिंक्यपद मिळवले. पिरातास म्हणजे समुद्री चाचे. मेक्सिकोच्या आखातावरील हे शहर चाच्यांच्या हल्ल्यांपासून वाचण्यासाठी तटबंदी बांधून बसले होते, आणि आता त्याच शहराने आपल्या संघाला चाच्यांचे नाव दिले आहे! त्या वेळी पाकीन यांचे स्वतःचे खेळणे अजून सुटलेले नव्हते. त्यांच्या हाताखाली काम्पेचेने पुन्हा अजिंक्यपद मिळवले ते २००४ मध्ये. मधे एकवीस वर्षे गेली होती. काम्पेचेच्या इतिहासातील ही दोनच अजिंक्यपदे, आणि दोन्ही वेळी मॅनेजर एकच.

हिवाळ्यात ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिनालोआ राज्यातल्या कुलियाकानमध्ये असत. तिथल्या संघाचे नाव 'तोमातेरोस', म्हणजे टोमॅटो पिकवणारे. त्या भागात टोमॅटोची मोठी शेती आहे, म्हणून हे नाव. आपल्याकडे आयपीएलमध्ये राजे, योद्धे, सिंह असतात. टोमॅटोवाल्यांचे नाव अभिमानाने छातीवर मिरवणारा संघ मला जास्त आवडला. हिवाळी लीग जिंकणारा संघ कॅरिबियन मालिकेत देशाचे प्रतिनिधित्व करतो. मेक्सिकोचा संघ त्या मालिकेत १९७१ पासून खेळू लागला. १९७६ आणि १९८६ मध्ये बेंजामिन रेयेस या मॅनेजरच्या हाताखाली मेक्सिकोने ती मालिका जिंकली. नंतरची दोन विजेतेपदे, १९९६ मध्ये सांतो दोमिंगोत आणि २००२ मध्ये काराकासमध्ये, तोमातेरोसची आणि पाकीन यांची. दोन्ही वेळा परक्या देशात, परक्या प्रेक्षकांसमोर.

बेसबॉलच्या मॅनेजरविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक, तो सूट घालून बसत नाही. वय साठ असले तरी खेळाडूंसारखाच संघाचा गणवेश घालतो. आपल्या ड्रिल उस्तादांना हे पटेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पिचर बदलायचा असेल तर मॅनेजर स्वतः चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जातो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याच्या हातातला चेंडू घेतो. बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटचा कप्तान एखाद्या गोलंदाजाला षटक न देता लांब उभा करतो आणि नंतर पुन्हा बोलावतो. तशी सोय इथे नाही. निर्णय तोंडावर सांगावा लागतो आणि तो मागे घेता येत नाही.

आता २००६ च्या मार्चकडे येऊ. पहिली वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धा, मेक्सिकोचे मॅनेजर पाकीन एस्त्रादा. पहिल्या फेरीत अमेरिकेने मेक्सिकोला २-० हरवले, पण मेक्सिकोने कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून दुसरी फेरी गाठली. दुसऱ्या फेरीत गटात चार संघ होते: कोरिया, जपान, अमेरिका, मेक्सिको. पहिले दोन उपांत्य फेरीत जाणार. मेक्सिको कोरियाकडून २-१ आणि जपानकडून ६-१ असा हरला. शेवटचा सामना १६ मार्चला अमेरिकेशी, ॲनाहाइमच्या एंजल्सच्या मैदानावर. १९७१ च्या सौद्यात पाकीन ज्या संघाकडे पाठवले गेले आणि ज्याच्यासाठी एकदाही खेळले नाहीत, त्या संघाचे हे घर.

कोरियाने तिन्ही सामने जिंकले होते. जपानचा एक विजय, दोन पराभव. अमेरिकेने मेक्सिकोला हरवले की जपान बाहेर. मेक्सिकोने हरवले तर जपान, अमेरिका, मेक्सिको हे तिघेही एक विजय आणि दोन पराभवांवर येणार, आणि मग हिशेब असा: या तिघांच्या आपसातील सामन्यांत प्रत्येक संघाने किती धावा दिल्या भागिले किती इनिंग क्षेत्ररक्षण केले. आकडा सर्वांत लहान, तो संघ पुढे. आपल्या नेट रन रेटचा हा मावसभाऊच.

मेक्सिकोने जपानला नऊ इनिंगमध्ये ६ धावा दिलेल्या. जपानचे दोन्ही सामने मिळून ५ धावा आणि १७ पूर्णांक २/३ इनिंग, म्हणजे सुमारे .२८३. वही घेऊन बसलात तर दिसेल, की मेक्सिकोला या आकड्याच्या खाली यायचे तर अमेरिकेला एकही धाव न देता सामना किमान तेरा इनिंगपर्यंत लांबवावा लागला असता. नऊ इनिंगमध्ये सरळ जिंकले तरी घरीच जायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी मेक्सिकोचे खेळाडू शेजारच्या डिस्नीलँडला फिरायला गेल्याचे वृत्तपत्रांत आले होते. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

प्रश्न दुसऱ्या दिवसाचा होता. अमेरिकेचा पिचर रॉजर क्लेमेन्स, त्या काळातला सर्वांत दरारा असलेला. मेक्सिकोला मिळवण्यासारखे जवळजवळ काही नाही. अशा सामन्यात मॅनेजर काय करतो? राखीव पोरांना संधी देतो, ज्येष्ठांना विश्रांती देतो, हसतखेळत वेळ काढतो. कोणी दोष दिला नसता. फक्त जपानचा संघ या निकालाकडे डोळे लावून बसला होता. स्पर्धेत तुम्ही मन लावून खेळलात की नाही यावर तिसऱ्याच कोणाचे भवितव्य अवलंबून असते. आपल्या इंटर-हाऊस सामन्यांत शेवटच्या दिवशी असे पुष्कळदा होते, आणि तळाच्या हाऊसने 'आम्हाला काय फरक पडतो' म्हणून सामना सोडला की मधल्या हाऊसची मुले कशी चडफडतात हे सर्वांना माहीत आहे.

तिसऱ्या इनिंगमध्ये मारिओ वालेन्सुएलाने मारलेला चेंडू उजव्या बाजूच्या सीमेवरच्या खांबाला लागला. खांबाला लागला म्हणजे होमरन, आपला षटकारच. पंचांनी तो फक्त डबल ठरवला, म्हणजे फलंदाज दुसऱ्या बेसवर. मेक्सिकोने आक्षेप घेतला, निर्णय बदलला नाही. (चारच दिवसांपूर्वी जपान विरुद्ध अमेरिका सामन्यात जपानची धाव रद्द करणारा वादग्रस्त निर्णयही याच पंचांचा होता.) मेक्सिकोने यावर उत्तर दिले ते बॅटने. होर्हे कान्तूने हिट मारून वालेन्सुएलाला घरी आणले. १-०.

चौथ्या इनिंगमध्ये अमेरिकेने बरोबरी साधली. त्या एका धावेबरोबर मेक्सिकोची कागदावरची आशाही संपल्यासारखी झाली, कारण आता सोळा इनिंग खेळून अमेरिकेला दुसरी धाव न देणे आले. आणि पुढच्याच, पाचव्या इनिंगमध्ये पुन्हा कान्तूच्या फटक्यावर मेक्सिकोची दुसरी धाव झाली. ती धाव मला सगळ्या सामन्यात सर्वांत मोठी वाटते. जी धाव करून आपण पुढे जाणार नाही, ती करायला मेक्सिकोचा खेळाडू जीव तोडून पळाला.

नंतरच्या चार इनिंग पाकीन यांच्या होत्या. एक धावेची आघाडी, समोर अमेरिकेचे नामांकित फलंदाज, आणि स्पर्धेचा नियम असा की दुसऱ्या फेरीत एका पिचरला ८० हून जास्त चेंडू टाकता येत नाहीत. ते पिचरमागून पिचर बदलत राहिले. प्रत्येक वेळी मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचे, चेंडू घ्यायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. कोणाच्या हातातला जोर उतरला आहे हे आयुष्यभर तळहाताने मोजलेला माणूस ते काम करत होता. अमेरिकेला पुढे एकही धाव करता आली नाही. मेक्सिको २, अमेरिका १.

आता तो यजमान संघाचा नियम आठवा. मैदान अमेरिकेत असले तरी त्या सामन्यात कागदोपत्री यजमान मेक्सिको होता. आघाडी असल्याने मेक्सिकोने नववी पाळी खेळलीच नाही, म्हणजे अमेरिकेचे क्षेत्ररक्षण आठच इनिंग झाले. जपानविरुद्धचे नऊ धरून सतरा. धावा दिल्या पाच. ५ भागिले १७, म्हणजे सुमारे .२९४. जपान .२८३. दोन्ही संघांनी धावा सारख्याच दिल्या होत्या, फरक पडला तो २/३ इनिंगचा, म्हणजे दोन बादांचा. अमेरिका यजमान असती आणि याच धावसंख्येने हरली असती तर तिच्या खात्यात अठरा इनिंग लागल्या असत्या, आकडा .२७८ झाला असता आणि अमेरिका पुढे गेली असती! गणिताच्या सरांना मी हा हिशेब दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि म्हणाले, नियम करणाऱ्याने कधी चौथीचे भागाकार केलेले दिसत नाहीत.

जपानने उपांत्य सामन्यात कोरियाला हरवले आणि २० मार्चला सॅन दिएगोत क्यूबाला १०-६ असे हरवून पहिले विश्वविजेतेपद मिळवले. त्या विजेतेपदाच्या मुळाशी मेक्सिकोची ती दुसरी धाव आहे.

१९७१ च्या त्या सौद्याचा आणखी एक धागा सांगायचा राहिला. ज्याच्यासाठी चौघे दिले तो जिम फ्रेगोसीही पुढे मॅनेजर झाला, तोही एंजल्सचाच. १९७९ मध्ये त्याने एंजल्सला पहिल्यांदा गटविजेतेपद मिळवून दिले, आणि त्या संघात पिचर होता नोलन रायन. म्हणजे त्या एका कागदावरच्या पाच नावांपैकी तिघांनी ॲनाहाइमच्या त्याच मैदानावर काही ना काही मिळवले. पाकीन यांना फक्त पस्तीस वर्षे लागली.

फ्रान्सिस्को एस्त्रादा डिसेंबर २०१९ मध्ये वारले. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये मेक्सिकोचा मॅनेजर होता बेन्जी गिल. तिहुआनात जन्मलेला, मेजर लीगमध्ये शॉर्टस्टॉप म्हणून खेळलेला, आणि मॅनेजर म्हणून नाव कमावलेला तो कुलियाकानच्या त्याच टोमॅटोवाल्यांकडे. गटात मेक्सिकोने अमेरिकेला ११-५ हरवले आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. मायामीत तिथे समोर जपान होता. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला मेक्सिको ५-४ पुढे होता. जपान यजमान होता, त्यामुळे शेवटची पाळी त्यांची होती. जपानने ती खेळली आणि सामना ६-५ असा जिंकला.